ऑटिझम, वर्तनोपचार आणि आठवड्याचे चाळीस तास

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं एक आकडा जाहीर केला: आठ वर्षांच्या दर ३१ मुलांमागे एका मुलाला ऑटिझम आहे. त्याच्या चारच महिने आधी तिथल्या केंद्रीय आरोग्य खात्याच्या लेखापरीक्षकांनी इंडियाना राज्याचा हिशेब तपासला होता. ऑटिस्टिक मुलांच्या वर्तनोपचारांवर २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत जो सरकारी पैसा खर्च झाला, त्यातले किमान ५ कोटी ६० लाख डॉलर नियमांत बसत नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नमुना म्हणून काढलेल्या १०० प्रकरणांपैकी प्रत्येकात एक तरी चुकीची किंवा शंकास्पद नोंद निघाली.

दोन्ही बातम्या शेजारी ठेवून वाचल्या की माणूस गोंधळतो. मदत लागणारी मुलं वाढत असताना मदतीच्याच व्यवस्थेवर संशय का घेतला जातोय? ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांचा प्रश्न याहून थेट असतो. आठवड्याला तीस-चाळीस तास थेरपी सांगितली आहे, तेवढी करायची का?

माझं मत आधीच सांगायला हवं. या उपचारांमागची मूळ कल्पना मोलाची आहे आणि सेवा वाढायलाच हव्या होत्या. पण त्या वाढल्या तासांच्या मापावर, आणि मुलाची प्रगती या मापात बसत नाही. असं का म्हणायचं, हे समजून घ्यायला थोडं मुळापासून यावं लागेल.

## वर्तनोपचार म्हणजे नेमकं काय?

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हा संसर्गासारखा होऊन बरा होणारा आजार नाही. या मुलांच्या मेंदूची जडणघडणच वेगळ्या वाटेनं होत असते. बोलणं, हावभाव, नजर, दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखणं या गोष्टी त्यांना इतरांसारख्या सहज येत नाहीत. ठरलेला क्रम मोडला की त्रास होतो. आवाज, उजेड, स्पर्श काहींना असह्य वाटतात, तर काही मुलं तेच पुन्हा पुन्हा शोधतात. एखादं मूल आयुष्यभर बोलत नाही, तर दुसरं चौथ्या वर्षी अस्खलित वाचतं. दोघांचं निदान एकच असतं, गरजा मात्र अगदी वेगळ्या असतात. पुढचं सगळं वाचताना हा फरक डोक्यात ठेवावा लागेल.

अमेरिकेत या मुलांसाठी सर्वांत जास्त दिली जाणारी सेवा म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस. तिला सगळे एबीए म्हणतात. तिची मुळं स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या शिकण्याविषयीच्या संशोधनात आहेत, आणि १९६८ पासून या शाखेचं स्वतःचं संशोधन नियतकालिक निघतं. मूळ विचार एवढाच आहे: कुठलंही वागणं अधांतरी घडत नाही. त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं आणि त्यानंतरही काहीतरी घडतं. नंतर जे घडतं ते हवंहवंसं असेल, तर तेच वागणं पुन्हा होतं.

एक उदाहरण घेऊ. पाच वर्षांचा एक मुलगा आहे, बोलत नाही. लिहायला बसवलं की कागद भिरकावतो आणि स्वतःच्या मनगटाला चावतो. बघणारे त्याला हट्टी ठरवतात. शिक्षक रागावतात आणि शेवटी त्याला उठवून कोपऱ्यात बसवतात. त्यांच्या लेखी ही शिक्षा आहे.

वर्तनोपचार करणारी चांगली थेरपिस्ट इथे रागवायच्या आधी नोंदी ठेवते. चावण्याआधी काय चाललं होतं? लगेच नंतर काय झालं? दिवसातून केव्हा होतं, कोणासमोर होतं? अशा वागण्यामागे साधारणपणे चार कारणं शोधली जातात: कोणीतरी लक्ष द्यावं म्हणून, हवी ती वस्तू मिळावी म्हणून, नको असलेल्या गोष्टीतून सुटका व्हावी म्हणून, किंवा त्या हालचालीतून शरीरालाच काही मिळतं म्हणून. आठवडाभराच्या नोंदींतून दिसतं, की हा मुलगा फक्त लिखाणाच्या वेळी चावतो आणि कोपऱ्यात गेला की शांत होतो. म्हणजे शिक्षकांची शिक्षा हीच त्याची सुटका होती. चावलं की काम थांबतं, हे तो रोज नव्यानं शिकत होता आणि शिकवणारे आपणच होतो.

मग उपाय काय? त्याच्यासमोर एक कार्ड ठेवायचं, ‘थांबूया’ अशा अर्थाच्या चित्राचं. सुरुवातीला त्याचा हात धरून कार्ड पुढे करायला शिकवायचं आणि कार्ड आलं की त्याच क्षणी काम थांबवायचं. लिखाणही सोपं करायचं, कारण कदाचित ते खरंच त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल. चावून जे मिळत होतं ते आता मागून मिळतं, तेही बिनत्रासाचं. चावणं ओसरू लागतं. कार आणि ड्यूरंड या दोन संशोधकांनी १९८५ मध्ये हे प्रयोगानं दाखवून दिलं, आणि त्यानंतर ते वारंवार सिद्ध झालं आहे. वर्तनोपचारांनी जगाला दिलेली सर्वांत सुंदर गोष्ट कोणती असं मला विचाराल, तर हीच. बोलू न शकणाऱ्या मुलाचं वागणं हेच त्याचं बोलणं असतं, हे तिनं नुसतं सांगितलं नाही, त्यावर काय करायचं तेही दाखवलं.

## बक्षीस देऊन शिकवणं म्हणजे लाच नव्हे का?

ही शंका बहुतेक पालकांना येते आणि ती रास्त आहे. प्रत्येक कामामागे गोळी किंवा खेळणं द्यायचं, तर मूल त्या गोळीसाठीच वागेल. जुन्या पद्धतीत असं खूप झालं: टेबलाशी बसवायचं, ‘नाकाला हात लाव’ म्हणायचं, जमलं की खाऊ द्यायचा, पुन्हा तेच.

नंतरच्या पद्धती बदलल्या. मुलाला चेंडू हवा असेल तर ‘चेंडू’ म्हणण्याचं किंवा बोट दाखवण्याचं बक्षीस चेंडूच असतो. शिकणं खेळात, जेवताना, कपडे घालताना होतं आणि पुढाकार मुलाचा असतो. अशा पद्धतींना नैसर्गिक विकासाधारित पद्धती म्हणतात. जेराल्डिन डॉसन आणि सॅली रॉजर्स यांचं अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल त्यातलं सर्वांत परिचित आहे. त्यामुळे ‘एबीए’ हे नाव ऐकून फारसं काही कळत नाही. एका केंद्रात त्याचा अर्थ जमिनीवर बसून खेळणं असतो, दुसऱ्यात टेबलाशी दिवसभर कवायत असतो.

## चाळीस तास आले कुठून?

१९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या ईवार लोवास यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार वर्षांखालच्या १९ मुलांना दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ, आठवड्याला ४० तासांहून अधिक, एकास एक उपचार दिले. त्यातली ९ मुलं सामान्य बुद्ध्यांकापर्यंत पोहोचली आणि सामान्य शाळेत पहिली उत्तीर्ण झाली. कमी किंवा वेगळे उपचार मिळालेल्या ४० मुलांत असं एकच होतं.

तोवर ऑटिझमचं निदान झालेल्या मुलांच्या आई-वडिलांना बहुधा ‘काही करता येणार नाही’ एवढंच सांगितलं जात असे. त्यांना हा आकडा काय वाटला असेल याची कल्पना करा. चाळीस तास हा तेव्हापासून जणू मंत्रच झाला.

अभ्यासात मोठ्या त्रुटी होत्या. कोणतं मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. थेरपिस्ट उपलब्ध आहे की नाही, यावर ते ठरलं. आणि त्या उपचारात मोठ्यानं ‘नाही’ म्हणून ओरडणं, मांडीवर चापट मारणं यांचाही समावेश होता. आज कोणतंही जबाबदार केंद्र असं करणार नाही. म्हणजे ज्या उपचाराच्या जोरावर चाळीसचा आकडा रुजला, तो उपचार आज कोणी देतही नाही. आकडा तेवढा उरला.

## सेवा एवढ्या वाढल्या कशा?

पहिलं कारण निदान. सीडीसीच्याच पाहणीत २००० साली दर १५० मुलांमागे एकाला ऑटिझम होता, २०२२ च्या पाहणीत दर ३१ मागे एकाला. यातला मोठा वाटा ओळखण्याचा आहे. २०१३ मध्ये वेगवेगळी निदानं एकाच व्याख्येखाली आली. त्याआधी २००७ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं दीड आणि दोन वर्षांच्या प्रत्येक मुलाची चाचणी करायला सांगितलं होतं. मुली आणि गरीब घरांतली मुलं, जी पूर्वी नजरेतून सुटत, तीही आता सापडू लागली. ताज्या पाहणीत टेक्सासमधल्या एका ठिकाणी हजारी जेमतेम १० मुलं निघाली, कॅलिफोर्नियातल्या केंद्रात ५३. दोन ठिकाणच्या मुलांच्या मेंदूत पाचपट फरक असण्यापेक्षा शोधण्याच्या यंत्रणेत फरक असणं जास्त संभवतं.

दुसरं कारण पालक. विमा कंपन्या हे उपचार ‘शैक्षणिक’ म्हणून नाकारत. पालकांनी राज्याराज्यांत जाऊन कायदे करून घेतले. इंडियानानं २००१ मध्ये सुरुवात केली आणि २०१९ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत विम्यानं काही ना काही खर्च उचलणं बंधनकारक झालं. गरिबांच्या मेडिकेड या सरकारी योजनेलाही २०१४ मध्ये केंद्रानं स्पष्ट केलं, की २१ वर्षांखालच्या ऑटिस्टिक मुलांना गरजेचे उपचार द्यावेच लागतील. घरं गहाण टाकून थेरपी करणाऱ्या पालकांनी मिळवलेला हा विजय आहे. त्याचं मोल कमी लेखू नये.

पण पैसा आला तो विशिष्ट आकारात. या सेवांचं बिल पंधरा-पंधरा मिनिटांच्या एककात होतं. टॅक्सीचं मीटर किती अंतर धावलं ते दाखवतं, योग्य पत्त्यावर पोहोचलो का ते त्याला कळत नाही. इथेही तसंच झालं. किती एककं झाली याची नोंद चोख, मूल कुठवर आलं याची नोंद केंद्राच्या मर्जीवर. इंडियानात तर मेडिकेडचा ठरलेला दरच नव्हता. केंद्र जेवढं बिल लावेल त्याचा काही टक्के हिस्सा दिला जाई. तिथला या सेवेवरचा खर्च २०१७ मध्ये २ कोटी १० लाख डॉलर होता, २०२३ मध्ये तो ६१ कोटी १० लाख झाला. ठरावीक दर आला तो २०२४ मध्ये.

एवढे तास भरायला माणसं लागतात. इथे दोन पायऱ्या आहेत. वर पदव्युत्तर शिक्षण घेतलेले वर्तन विश्लेषक असतात, ते योजना आखतात. मुलासोबत प्रत्यक्ष तासन्‌तास बसतात ते तंत्रज्ञ. तंत्रज्ञाचं पद २०१४ मध्ये सुरू झालं. त्यासाठी शालेय शिक्षण, ४० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा पुरते. त्यांच्या कामापैकी महिन्याला किमान ५ टक्के वेळ वरिष्ठांची देखरेख हवी, असा नियम आहे. आज अशा तंत्रज्ञांची संख्या दीड लाखाच्या वर गेली आहे. त्यात जीव ओतून काम करणारी तरुण मुलं-मुली खूप आहेत, पण पगार कमी आणि काम थकवणारं, म्हणून नोकरी सोडणारेही खूप. ज्या मुलाला माणसं बदललेली सोसत नाहीत, त्याच्यासमोर वर्षभरात चार-पाच नवे चेहरे येऊ शकतात.

तिसरं कारण गुंतवणूकदार. खात्रीचा सरकारी आणि विम्याचा पैसा दिसल्यावर मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी केंद्रांच्या साखळ्या विकत घ्यायला सुरुवात केली. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीनं २०१८ मध्ये ‘कार्ड’ ही तिथली मोठी साखळी घेतली. जून २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली, त्याआधीच अनेक केंद्रं बंद झाली होती. कंपनी बुडाल्यावर गुंतवणूकदाराचा पैसा जातो. मुलाचा जातो तो दिनक्रम, ओळखीची जागा, ओळखीचं माणूस.

## जास्त तास, तर जास्त फायदा होणारच ना?

वाटतं तसं, पण पुरावा तसं सांगत नाही. २०२१ मध्ये रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी ८७ लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकून काहींना आठवड्याला १५ तास, काहींना २५ तास उपचार दिले होते. एकूण निकालात तासांमुळे फरक पडला नाही. २०२४ मध्ये मिशेल सँडबँक यांच्या गटानं १४४ अभ्यासांतल्या ९ हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केली. तास वाढवले की परिणाम वाढतो, याचा भक्कम पुरावा त्यातही मिळाला नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानं तीव्र, म्हणजे जास्त तासांच्या, वर्तनोपचारांच्या बाजूचा पुरावाच ‘कमकुवत’ ठरवला होता: मोजके पाच अभ्यास, २१९ मुलं.

याचा अर्थ उपचार निरुपयोगी आहेत असा नाही. एकूण सरासरीत तासांचा फायदा दिसत नाही, एवढंच म्हणता येतं. एखाद्या विशिष्ट मुलाला काही महिने जास्त तास लागूही शकतात. जे मूल डोकं भिंतीवर आपटून जखमी होतं, त्याला सखोल मदत हवीच. पण प्रत्येक तीन वर्षांच्या मुलाला सरसकट चाळीस तास सांगण्याला आधार नाही. तीन वर्षांच्या मुलाचे चाळीस तास म्हणजे त्याचा जवळजवळ सगळा जागेपणीचा मोकळा वेळ. त्यात दुपारची झोप, भावंडांशी खेळणं आणि नुसतं लोळणं हेही यायला हवं असतं.

## मोठी झालेली मुलं काय म्हणतात?

पूर्वी हे उपचार घेतलेले अनेक ऑटिस्टिक प्रौढ आज जाहीरपणे त्याविरुद्ध बोलतात. त्यांच्या संघटना आहेत. ऑटिस्टिक सेल्फ अ‍ॅडव्होकसी नेटवर्क ही २००६ मध्ये स्थापन झालेली त्यातली एक. नजरेला नजर द्यायला लावलं, हात हलवायचे थांबवायला लावलं, ‘हो’ म्हणायला शिकवलं पण ‘नको’ म्हणायला कधी शिकवलं नाही, असं ते सांगतात. हात हलवणं, डोलणं यानं अनेकांना शांत वाटतं. ते दाबून ‘साधं’ दिसायला शिकणं थकवणारं असतं, आणि हे थकणं वर्षानुवर्षं साचतं.

यावर व्यावसायिक म्हणतात, की ते जुनं होतं, आता तसं नाही. बऱ्याच ठिकाणी हे खरंही आहे. पण मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेत विजेचे झटके देण्याची पद्धत चालू होती. २०२० मध्ये औषध प्रशासनानं त्यावर बंदी घातली, २०२१ मध्ये न्यायालयानं ती उठवली. वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं या झटक्यांना स्पष्ट विरोध नोंदवला तो २०२२ मध्ये. ‘जुनं’ म्हणावं इतकं हे जुनं नाही. शिवाय उपचारांवरच्या फार थोड्या अभ्यासांत दुष्परिणामांची नोंद ठेवलेली आढळते. औषधाच्या बाबतीत आपण हे चालवून घेतलं नसतं.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. जे मूल बोलत नाही आणि रस्त्यावर गाडीसमोर धावतं, त्याची आई म्हणते की लिहू-बोलू शकणाऱ्या प्रौढांनी माझ्या मुलाच्या वतीनं ठरवू नये. तिचं म्हणणंही खरं आहे. दोघांना जोडणारा एक प्रश्न मला दिसतो: जे शिकवलं जातंय ते या मुलाला हवं आहे की बघणाऱ्यांना? संडासला जाता येणं, दुखतंय हे सांगता येणं, रस्त्याच्या कडेला थांबता येणं मुलाच्या कामाचं आहे. हात न हलवणं बहुतेक वेळा फक्त बघणाऱ्यांच्या सोयीचं असतं.

## ‘कमी तास चालतील’ म्हटलं की सरकार पैसेच कापेल

या आक्षेपाची मला स्वतःला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण ते होऊ लागलं आहे. नेब्रास्का आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनी २०२५ मध्ये मेडिकेडचे दर खाली आणले. तासांचा पुरावा कमकुवत आहे असं म्हणणं म्हणजे खर्च कापणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत देणं, अशी भीती पालकांना वाटते.

पण दर सरसकट कापल्यानं चुकीचं माप बदलत नाही. तेच मीटर स्वस्तात चालतं, आणि आधी बंद पडतात ती खेड्यापाड्यांतली आणि प्रामाणिक केंद्रं, ज्यांच्याकडे कमी दरात तगायला साखळीचं बळ नसतं. वाचलेला पैसा कुठे वळवायचा याची उदाहरणं आहेत. ब्रिटनमध्ये अधिकृत मार्गदर्शनासाठी नेमलेल्या नाईस या संस्थेनं २०१३ मध्ये मुलांसाठी आई-वडील, शिक्षक आणि सवंगडी यांना सोबत घेणारे खेळावर आधारलेले उपाय सुचवले. त्याच देशातल्या ‘पॅक्ट’ या अभ्यासात थेरपिस्ट आई-वडिलांना मुलाशी खेळतानाचं चित्रण दाखवून मुलाचे बारीक इशारे ओळखायला शिकवत. आई-वडील मग घरी रोज साधारण अर्धा तास तसं खेळत. उपचार संपल्यावर सुमारे सहा वर्षांनी, २०१६ मध्ये, निकाल आले तेव्हा थोडा पण टिकलेला फरक दिसला. चाळीस तासांच्या तुलनेत हा खर्च किती कमी आहे, हे वेगळं सांगायला नको.

अर्थात हेही सरसकट करता येणार नाही. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या आईला ‘तूच थेरपिस्ट हो’ म्हणणं अन्यायाचं आहे. तिला केंद्राचे तास लागतीलच.

## केंद्रात गेल्यावर काय विचारायचं?

तासांचा आकडा सांगितला गेला की तो कोणत्या तपासणीवरून काढला ते विचारा. मूल बघण्याआधीच आकडा तयार असेल तर तो मुलासाठी काढलेला नाही. पुढच्या सहा महिन्यांची उद्दिष्टं लेखी मागा आणि प्रत्येक ओळीसमोर स्वतःला विचारा, हे जमल्यानं माझ्या मुलाचा दिवस सोपा होईल का? मूल ‘नको’ म्हणालं, मान फिरवली, रडलं, तर तंत्रज्ञ काय करेल, हे त्या तंत्रज्ञाकडूनच ऐका, व्यवस्थापकाकडून नको. योजना आखणारी व्यक्ती मुलासोबत महिन्यातून किती वेळ प्रत्यक्ष असते? आणि तुम्हाला आत बसून बघता येतं का? नेहमीसाठी दार बंद असेल तर दुसरं केंद्र शोधा, तिथे प्रतीक्षायादी असली तरी.

स्पीच थेरपी आणि शाळा यांना या वेळापत्रकात जागा उरते का, तेही पाहा. बोलत नसलेल्या मुलाला चित्रांचं किंवा टॅबलेटचं संवादसाधन लवकर मिळालं पाहिजे. त्यानं बोलणं मागे पडतं ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

शेवटचा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत आणि केंद्रंही आपणहून काढत नाहीत: थेरपी कधी कमी होणार आणि कशावरून थांबणार? याचं उत्तर पहिल्याच भेटीत, योजनेच्या कागदावर, तारखेसकट लिहून घ्या.